परवानगी: नाही

भिंगरीच्या आईचा कॉलर उलटवण्यात हात धरणारं कोणी नव्हतं. कॉलर विटली की ती शिवण उसवून काढायची, आतली बाजू वर घ्यायची आणि अशी बेमालूम बसवायची की शर्ट आणखी वर्षभर निघावा. शाळेचे सगळे गणवेश दुरुस्तीला तिच्याकडेच येत. सरकारी शाळा पटसंख्येअभावी बंद पडली होती, तिचं अनुदान एका धर्मसंस्थेच्या शाळेकडे वळलं होतं, आणि आता आसपासची सगळी मुलं, कोणत्याही धर्माची असोत, तिथेच जात होती. जाणार तरी कुठे?

त्या दुपारी गठ्ठ्यातला एक शर्ट हातात घेऊन ती थबकली. कॉलरचं टोक चघळून चघळून पार विरलं होतं. कॉलर झिजते ती मानेपाशी, टोकापाशी नाही. तिने दुसरे शर्ट चाळले. अशा विरलेल्या टोकांचे चार निघाले. आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याने काढलेले हजेरी क्रमांक तिनेच शिवलेले होते, त्यामुळे शर्ट कोणाकोणाचे हे तिला सांगायला नको होतं. चारही घरं संस्थेच्या धर्माबाहेरची. चौथा शर्ट भिंगरीचा होता.

तिने ते चारही शर्ट गठ्ठ्यातून वेगळे काढून ठेवले.

भिंगरी नऊ वर्षांची. एका जागी बूड टेकत नसे म्हणून हे नाव पडलं. गेली दोन वर्षं मात्र ती गप्प गप्प असे. "शाळेनं चांगलं वळण लावलं हो!" असं शेजारणी म्हणत, आणि आईलाही ते ऐकून बरं वाटे. मूल घाबरलंय हे कळायला आपल्याला फार वेळ लागतो. शहाणं झालं, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

शाळा सुटल्यावर भिंगरी घरी आली ती हातात एक कागद घेऊन. "आई, यावर आजच सही हवीय. मोठ्या बाईंनी सांगितलंय. उद्या तपासणीचे साहेब येणारेत."

बाबा बसची फेरी संपवून नुकतेच टेकले होते. त्यांनी कागद वाचला. 'माझ्या पाल्यास शाळेतील प्रार्थना व धर्मपाठास बसण्यास मी स्वखुशीने परवानगी देत आहे.' अनुदान घेणाऱ्या शाळेला पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मपाठाला बसवता येत नाही, असा कायदाच होता. दोन वर्षांपूर्वी असाच कागद आला होता. त्यावर 'आहे' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते. आपला देव आपल्या घरी, असं म्हणून बाबांनी 'नाही'वर ठसठशीत खूण केली होती, आणि कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून त्या रात्री ते चार घास जास्त जेवले होते. या नव्या कागदावर चौकोनच नव्हते.

"बाबा, करा ना सही," भिंगरी म्हणाली. "लवकर करा."

"का गं? तुला प्रार्थनेला बसायचंय?"

"नाही. पण मग त्या खोलीत बसावं लागणार नाही."

"कुठल्या खोलीत?" आईने विचारलं.

भिंगरी अंगातल्या शर्टाच्या कॉलरचं टोक चघळू लागली. मग तुटक तुटक सांगू लागली. प्रार्थनेची घंटा झाली की 'नाही'वाल्या चौघांना शिपाईमामा जिन्याखालच्या खोलीत नेतात. तिथे मोडकी बाकं आहेत. खिडकी नाही. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. मामा बाहेरून कडी घालतात. प्रार्थना आणि पाठ संपला की काढतात. एकदा कडी काढायचं ते विसरले होते, मधली सुट्टी होईपर्यंत. धाकटा एक मुलगा तेव्हा कपड्यात...

"आणि हे तू आम्हाला सांगितलं नाहीस? दोन वर्षं?" आईचा आवाज चिरकला.

भिंगरीने नवलाने आईकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं ना? मोठ्या बाई म्हणाल्या, तुमच्या आईबाबांनीच तसं लिहून दिलंय. तुम्हीच 'नाही' लिहिलं होतं ना?"

बाबांनी कागद पुन्हा पुढे ओढला आणि खिशातलं पेन काढलं.

ते म्हणाले, "सही करून टाकतो. संपू दे एकदाचं."

"अहो, 'स्वखुशीने' लिहिलंय त्यात."

"मग काय करू? उद्या शाळेतून काढलं तर? दुसरी शाळा तीस मैलांवर. तुझं कामही त्यांच्याच हातात आहे."

ते खोटं नव्हतं. भिंगरीच्या आईला धैर्याचा काही मोठा वारसा नव्हता. घराबाहेर चढ्या आवाजात बोललेलंही तिला आठवत नव्हतं. तिने तो कागद हातात घेतला, आणि सही न करता, नकारही न लिहिता, टेबलावर परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात पालक जमले. भिंगरी आईशेजारी बसली होती. तपासणीचे साहेब पुढे बसले होते, सभ्य, दमलेले, सारखे घड्याळाकडे पाहणारे. मोठ्या बाईंनी कागदांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "सर्व पालकांनी स्वखुशीने परवानगी दिलेली आहे. एकच कागद यायचाय."

"तो माझा," भिंगरीची आई उठून म्हणाली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "साहेब, माझी मुलगी प्रार्थनेच्या वेळी कुठे असते ते आधी बघा. जिन्याखाली."

मोठ्या बाई हसल्या. "ज्यांना नको, त्यांची शांत बसायची सोय केलीय आम्ही. शेवटी धर्माचं स्वातंत्र्य आम्हालाही आहे ना?"

"आहे की. तुम्ही रोज प्रार्थना करा, मोठ्यांदा करा, माझं काही म्हणणं नाही. पण बाहेरून कडी घालणं कुठल्या धर्मात बसतं?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग कोणास ठाऊक काय वाटलं, ते उठले. जिन्यापाशी गेले. दाराला बाहेरून कडी होती, तेलपाणी केलेली, गुळगुळीत. आतून काहीच नव्हतं. ते आत गेले. दार त्यांच्यामागे आपसूक लोटलं गेलं. बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. ते आत पुरतं मिनिटभरही नव्हते.

सभागृहात परत येऊन त्यांनी कोरा कागद काढला. "तक्रार लेखी लागेल. आणखी कोणाची मुलं त्या खोलीत असतात?"

उरलेल्या तीन घरांचे आईबाप तिथेच बसले होते. एकाने चपलेचा पट्टा नीट केला. एकीने पदर सावरला. तिसरा दाराकडे बघत राहिला. भिंगरीच्या आईला त्यांचा राग आला नाही. काल रात्री तीही त्यांच्यातलीच होती. तिने तक्रार लिहिली आणि एकटीने सही केली.

"उद्यापासून गणवेश पाठवणार नाही आम्ही," तिच्या शेजारून जाताना मोठ्या बाई हळूच म्हणाल्या.

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले, तिच्या नावाखाली त्यांनी आपलं नाव लिहिलं आणि भिंगरीपुढे उकिडवे बसले. "आम्हाला माहीत नव्हतं गं, बाळा," ते म्हणाले, आणि त्यांनी तिची कॉलर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली तेव्हा भिंगरी आईचा हात घट्ट धरून जिन्यापाशी उभी होती. भीती दोघींनाही वाटत होती. आई म्हणाली, "इथेच बसू या, उजेडात." दोघी पायरीवर बसल्या. शिपाईमामा आले, त्यांनी दोघींकडे पाहिलं, आणि ते मागे फिरले.

वाचकहो, शिपाईमामा वाईट माणूस नव्हता. सांगितलेलं काम तो करत होता आणि पगार घेत होता. तो पगार अनुदानातून येत होता, आणि अनुदान तुमच्या-माझ्या करातून. दोन वर्षं रोज सकाळी ती कडी आपण घालत होतो.