वखारीपुढच्या बाया

माझ्या आईला चार तोंडं होती असं माझी नातवंडं समजत होती, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. सुनिलला मी सांगितलं होतं, तुझी पणजी ताडाएवढी उंच, बिबट्या तिला बघून वाट सोडायचा. निलमला सांगितलं, तिचे केस इतके लांब की वेणी विहिरीत सोडायची आणि भरलेला हंडा वर ओढायची. तुषारला सांगितलं, तिची नथ एवढी मोठी की जेवताना ती धरायला शेजारीण लागायची. आणि दक्षा लहान होती, तिला खळी फार आवडायची, म्हणून तिच्या वाटेच्या पणजीच्या गालाला अशी खळी दिली की पावसाळ्यात तिच्यात चिमण्या पाणी प्यायच्या. पुढे पोरं मोठी झाली, एकत्र बसून आपापली पणजी पडताळून बघू लागली आणि मग माझ्याकडे बघू लागली.

खरं असं आहे की आईचं तोंड मला माहीतच नाही. मी रांगत होते तेव्हा ती तापाने गेली. एकच गोष्ट माझा बाप, बारक्या, सांगायचा. डहाणू स्टेशनजवळ गवताची वखार होती. रानातलं गवत कापून तिथे यायचं, यंत्रात दाबून त्याचे गठ्ठे बांधायचे आणि गाडीत भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे. त्या वखारीपुढे गवत कापणाऱ्या बायांचा एकदा फोटो काढला होता. त्यात तुझी आई रूपी आहे, एवढं बाप बोलायचा आणि विडी पेटवायचा. फोटो कुणाकडे गेला, त्याला माहीत नव्हतं. वखार पुढे पाडली. तिच्या जागी आता मोबाइलची दुकानं आहेत, आणि वर दातांचा डॉक्टर.

ही गोष्ट दक्षाला मी एकदाच सांगितली होती. पण ती पोर विसरणारी नाही. तलासरीच्या शाळेत शिकवते, मुलांचे पाढे विसरू देत नाही, माझं काय विसरणार.

दोन हजार सतरा साली संक्रांत होऊन गेल्यावर ती सरावलीला आमच्याकडे आली आणि बोलली, आजी, चांगलं लुगडं नेस, डहाणूला जायचंय. स्टेशनजवळ चिमणभाईंचा फोटोस्टुडिओ आहे, त्यांच्या माळ्यावर त्यांच्या वडिलांच्या काचा सापडल्या. पूर्वी फोटो फिल्मवर नाही, काचेवर काढायचे. त्या काचांवरून चिमणभाईंनी नवे फोटो छापले होते आणि दक्षा आणि तिच्या सोबतच्या मास्तरांनी मिळून एका हॉलमध्ये जुन्या डहाणूच्या इमारतींचं प्रदर्शन मांडलं होतं. उद्यापासून लोक येणार. बऱ्याच इमारती कुणाला ओळखूच येत नव्हत्या, म्हणून मला न्यायचं होतं. मी विचारलं, वखार आहे का त्यात. ती बोलली, ते तूच बघ.

रिक्षात मी बाहेरच बघत बसले. दक्षाने दोनदा विचारलं, आजी, पोट दुखतंय का.

हॉलमध्ये भिंतीभर फोटो. एवढं डहाणू मी एका जागी कधी बघितलं नव्हतं. कौलारू बंगले, लाकडी जिन्यांच्या पेढ्या, स्टेशनाबाहेर टांगे, समुद्रावरची एक माडी जिचा आता चौथरासुद्धा नाही. दक्षा वही घेऊन माझ्यामागे फिरायची. मी सांगायचे, ती लिहायची. हा बंगला म्हणजे आता जिथे बँक आहे तो. इथला शेठ एवढा चिकूवेडा की चिकू पिकायला लागले की झाडाखाली पलंग टाकायचा, आणि एका वर्षी झोपेत त्याच्या पोटावर एवढे चिकू पडले की उठला तेव्हा बायकोने ओळखलं नाही. हा दवाखाना. इथला डॉक्टर नाडी न बघता नुसता रोग्याचा आवाज ऐकून औषध द्यायचा, एकदा दारात रेडा हंबरला तर त्यालाही पुडी बांधून दिली.

दक्षा लिहिता लिहिता थांबली. हे खरं का, आजी. मी बोलले, बँक खरी, दवाखाना खरा, बाकीचं तू बघून घे. तिने वहीत काहीतरी खोडलं. मला वाटतं रेडा खोडला.

फिरत फिरत भिंत संपली. वखार नव्हती.

चिमणभाई टेबलापाशी चहा पीत बसले होते. माझ्याहून थोडे लहान, जाड चष्मा, शर्टाला फोटो धुवायच्या हायपोचा वास. दक्षाने त्यांना विचारलं. ते बोलले की गवताचे गठ्ठे असलेला एक फोटो आहे, पण जागा कुठली ते कुणाला कळेना म्हणून लावला नाही. टेबलाखालून त्यांनी तो काढला आणि माझ्या हातात दिला.

मोठी कौलारू इमारत, पुढे गवताच्या गठ्ठ्यांची रांग कमरेएवढी, आणि रांगेच्या मागे बाया उभ्या. हातात विळे. मी फोटो टेबलावर ठेवला आणि वाकून बघितला. आधी मी आईला शोधलंच नाही, भीती वाटली. आधी इमारत बघितली. तिथेच घोटाळा दिसला. वखार मी बघितलेली आहे, माझं लग्न होईपर्यंत ती उभी होती. दाराच्या डाव्या अंगाला चिंच होती. इथे चिंच उजव्या अंगाला. मग मी पदर बघितले. सगळ्या बायांचा पदर उजव्या खांद्यावर.

आता हे आमच्या भागात लहान पोरालाही कळतं. आपल्या बायांचा पदर डाव्या खांद्यावर, गुजरातकडच्या बायांचा उजव्या. लग्नात दोन्हीकडची माणसं जमली की पदर बघून पंगती बसवता येतील. मी फोटो सरकवला आणि बोलले, "ही आपली वखार नाही, चिमणभाई. ह्या पलीकडच्या बाया. ही उंबरगावकडची नाहीतर संजाणकडची वखार असेल."

चिमणभाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि मान हलवली. बरोबर बोलता, माँजी, आमच्याकडच्या बाया आहेत ह्या. पप्पा तिकडेही जायचे फोटो काढायला. आणि फोटो परत टेबलाखाली ठेवला.

मला आत हवा लागत नव्हती म्हणून बाहेर जाऊन पायरीवर बसले. कुणी विचारलं असतं तर गुडघ्याचं नाव सांगितलं असतं. शेवटी बापाचीच गोष्ट होती, त्यालाही गोष्टी रचायची खोड असेलच, माझ्यात आली ती कुठून आली. म्हातारपणी कळलं की तो फोटोच नाही. चार तोंडं होती, ती तरी कुणी घेऊन जात नव्हतं. असं मनाला सांगत होते आणि मन ऐकत नव्हतं.

दक्षा बाहेर आली. तिच्या हातात तोच फोटो. माझ्या शेजारी पायरीवर टेकली आणि हळू आवाजात बोलली, "आजी, पलीकडच्या बाया सगळ्या डावऱ्या असतात का गं?"

मी बोलले, काय खुळ्यासारखं विचारतेस.

तिने फोटो माझ्या मांडीवर ठेवला आणि बोट फिरवलं. प्रत्येक बाईचा विळा डाव्या हातात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फक्त शेवटची, टोकाला उभी असलेली, तिचा विळा उजव्या हातात.

एवढ्या डावऱ्या बाया एका ठिकाणी मी जन्मात बघितल्या नव्हत्या. अशी गोष्ट मी सांगितली असती तर माझ्या तोंडावर हसले असते लोक. मी उठले. गुडघा दुखला नाही.

चिमणभाईंना आम्ही विळे दाखवले. त्यांनी चहाचा कप ठेवला, खोक्यातून ती काच काढली, खिडकीपाशी नेली, एकदा ह्या बाजूने बघितली, एकदा त्या बाजूने. मग काचेवर नखाने हळूच टिचकी मारली आणि कपाळावर हात मारून घेतला. काचेला एका बाजूला मसाला लावलेला असतो म्हणे, ती बाजू खाली ठेवून छापायचं. त्यांनी काच पालथी ठेवली होती.

"उलटा छापला मी," ते बोलले. "पप्पा असते तर दोन दिल्या असत्या कानाखाली."

मी बोलले, पप्पा नसले तरी मी आहे. ते हसले, पण माझा आवाज त्यांनी ओळखला असावा, कारण लगेच बोलले की उद्या सकाळपर्यंत सरळ छापून देतो. उद्या सकाळपर्यंत. इतकी वर्षं मी थांबले होते, आणि आता एक रात्र निघेना. दक्षाला कळलं. तिने मला हाताला धरलं आणि हॉलच्या शेजारी लक्ष्याचं केस कापायचं दुकान आहे, त्यात नेलं.

खुर्चीत एक गिऱ्हाईक बसलेलं, तोंडभर साबण, वस्तरा अजून लागायचा होता. दक्षा बोलली, दादा, आरसा पाहिजे थोडा वेळ. लक्ष्या बाजूला झाला. त्या माणसाला मान वळवायची सोय नव्हती म्हणून त्याने डोळेच वळवले. दक्षाने फोटो आरशापुढे धरला.

आरशात चिंच डाव्या अंगाला गेली. जिथे होती तिथे. सगळ्यांचे पदर डाव्या खांद्यावर आले, जसे काही बायांनी आत्ताच नीट घेतले. विळे सगळे उजव्या हातात. आणि टोकाच्या बाईचा विळा डाव्या हातात.

बाप मला लहानपणी डाव्या हाताने जेवताना बघायचा तेव्हा रागवायचा नाही. बोलायचा, आईवर गेलीस. गवत कापणाऱ्यांत डावरी बाई मध्ये उभी करत नाहीत. सगळ्यांचा विळा एकीकडून येतो, तिचा दुसरीकडून, शेजारणीचं बोट जायचं. म्हणून तिला कायम ओळीच्या टोकाला ठेवतात. फोटो काढतानाही त्या बाया सवयीने तशाच उभ्या राहिल्या होत्या. फोटोवाल्याने सांगितलं असेल उंचीप्रमाणे उभ्या राहा, पण कोण ऐकतंय.

मी आरशाजवळ गेले. ताडाएवढी उंच नव्हती. सगळ्यांत बुटकी होती. कान पुढे आलेले, नथ नाही, केस डोक्याला घट्ट बांधलेले. खळी असेल तर दिसत नव्हती, कारण तोंड उघडं होतं. बाकी सगळ्या फोटोसाठी ताठ, श्वास धरलेल्या, आणि ही बाजूच्या बाईला काहीतरी सांगत होती. बोलता बोलता ओठ हलले म्हणून तेवढीच जागा जराशी पुसट आली होती. बाजूच्या बाईने हसू दाबायला पदर तोंडात धरला होता.

माझ्या डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घेतला. मान हलकी झाली. मी रडले का ते दक्षाला विचारा, ती काहीही सांगेल.

चिमणभाईही मागून येऊन दारात उभे होते. दक्षाने त्यांना सांगितलं की सरळ छापलेला फोटो हॉलमध्ये शिरताना पहिला लावायचा आणि एक प्रत आमच्या घरी द्यायची. ते बोलले दोन देतो. लक्ष्याने वस्तरा घासून ठेवला आणि मला बसायला स्टूल दिलं. स्टूलवर बसले तेव्हा आरशात फोटोच्या शेजारी माझं तोंड आलं. तेच कान.

लक्ष्या हळूच बोलला की साहेबांचा साबण सुकतोय. खुर्चीतला माणूस साबणातूनच बोलला, बघू दे त्यांना, मला कुठे गाडी पकडायची आहे. मग बराच वेळ तोही आरशात बघत राहिला आणि शेवटी त्याने विचारलं,

"मावशी, फोटोतली ही तुमची नात का?"

"नाही," मी बोलले. "माझी आई आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि लक्ष्याला बोलला, पुन्हा साबण लाव.