उसन्या बंदुका

मंगळवारच्या गावसभेत ग्लेंडा प्रॉख्नो इतकी ओरडली की शुक्रवार उजाडला तरी तिचा घसा जागेवर आला नव्हता. विषय तोच, जो हल्ली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात दोन माणसं भेटली की निघतोच: एखादा माणूस गोळ्या घालण्याची भाषा करू लागला, तर कोर्टाने त्याच्या बंदुका काही दिवस काढून घ्याव्यात की नाही? ग्लेंडाचं म्हणणं, मुळीच नाही. "आज त्याच्या कपाटात हात घालतील, उद्या माझ्या!" असं म्हणून तिने टेबलावर मूठ आपटली आणि सभेच्या अध्यक्षांची कॉफी त्यांच्या मांडीवर सांडली.

समोरून हाल्वोर्सन बाई उठल्या. वय चौऱ्याहत्तर, आणि अर्ध्या गावाला त्यांनी चौथीत शिकवलेलं. "शाळेतली पोरं बाकाखाली लपायचा सराव करतात, ग्लेंडा. आणि तू तुझ्या कपाटाचं काय घेऊन बसलीस?"

हार कोण मानणार? सभा संपली, प्रश्न होता तिथेच राहिला, आणि दोघी एकमेकींकडे न बघता आपापल्या गाडीत जाऊन बसल्या.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात नेहमीप्रमाणे गावजेवणाला मासे तळले होते. ग्लेंडाचा धाकटा भाऊ अर्लो तिच्या शेजारी बसला होता. सव्वीस वर्षं त्याने चीजच्या कारखान्यात काढली, आणि तीन आठवड्यांपूर्वी नव्या मॅनेजरने दोन ओळींचं पत्र हातात देऊन त्याला घरी बसवलं. बायको कधीच सोडून गेलेली. तेव्हापासून तो धड जेवत नव्हता की बोलत नव्हता. कोणीतरी सहज विचारलं, "मग अर्लो, पुढे काय?"

"सोमवारी सकाळच्या पाळीला जाणार आहे," अर्लो म्हणाला. "सगळे एका जागी असतात तेव्हा. मग बघू, कोण कोणाला काढतं."

टेबलावरचे दोघेतिघे हसले. ग्लेंडाने मात्र हातातला काटा खाली ठेवला. अर्लो चिडला की छप्पर उडेल इतका ओरडतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आता तो अगदी हळू बोलला होता.

बाहेर गाड्यांपाशी, शेजारच्याच टेबलावर जेवलेल्या हाल्वोर्सन बाईंनी तिला गाठलं. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग पोलिसांत, शेरीफला फोन कर."

"शेरीफ येईल, अर्लो म्हणेल मी गंमत केली. शेरीफ जाईल, बंदुका राहतील. आणि अर्लो मला जन्मात दार उघडणार नाही."

"मंगळवारी तूच म्हणत होतीस ना, की..."

"बाई, मंगळवारचं मंगळवारी!" ग्लेंडाचे डोळे भरून आले होते आणि तिला त्याचाही राग येत होता. मग तिने नाक पुसलं. "पुढच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतोय. या दिवसांत गावात लोक काय करतात?"

"काय करतात?"

"बंदुका उसन्या मागतात."

हे खरंच होतं. नोव्हेंबरात शेजाऱ्याला बंदूक नाकारणारा माणूस त्या भागात मिठाला नाही म्हणणाऱ्यापेक्षा वाईट समजला जाई. अर्लोच्या कपाटात सहा बंदुका होत्या. रविवार संध्याकाळपर्यंत सहाही बाहेर निघाल्या नाहीत तर ग्लेंडाने स्वतः शेरीफला फोन करायचा, असं ठरलं. बाईंनी तिथल्या तिथे हात पुढे केला आणि दोघींनी हात मिळवले.

शनिवारी सकाळी चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन ग्लेंडा भावाकडे गेली आणि स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली. नऊ वाजता पहिला आला तो नळदुरुस्तीवाला ड्वेन. जगात याच्याइतकं खोटं बोलता न येणारा माणूस शोधून सापडला नसता, पण वेळेला दुसरं कोण मिळणार?

"अर्लो, तुझी एक रायफल दे रे. माझी तळ्यात पडली. बर्फ फुटला."

"तळं अजून गोठलं कुठंय?"

ड्वेनने ग्लेंडाकडे बघितलं. ग्लेंडाने बटाट्यांकडे बघितलं. "म्हणूनच पडली ना!" ड्वेन म्हणाला. "बर्फच नव्हता!" आणि एवढ्या मोठ्या विजयाने त्याला असा काही जोर आला की मेव्हण्यासाठी म्हणून त्याने दुसरीही मागून घेतली. अर्लोने खांदे उडवले आणि दोन्ही रायफली रिकाम्या करून त्याच्या हवाली केल्या. ड्वेन गेला तो जवळजवळ पळतच.

मग चर्चचे पास्टर लुंडक्विस्ट आले. कपाळावर घाम. "अर्लो, नाताळच्या नाटकाला दोन बंदुका हव्या होत्या. बाळ येशूच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाच्या शिपायांना."

"दोन हजार वर्षांपूर्वी बेथलेहेमात बंदुका होत्या, पास्टर?"

"आमचं नाटक जरा... आधुनिक आहे."

ग्लेंडा घाईघाईने भांडी घासायला वळली. तिचे खांदे हलत होते. हसू यावं अशी वेळ नव्हती, पण हसू वेळ विचारून येतं का? भाऊ मागे उभा, त्याच्या पोटात काय चाललंय ते देव जाणे, आणि हिच्या हातातून बश्या निसटताहेत. पास्टरांनी दोन बंदुका छातीशी धरल्या, आभार मानले, आणि ते निघणार तोच दार उघडून हाल्वोर्सन बाई आत आल्या. अंगात शिकाऱ्याचं भडक नारिंगी जाकीट, आणि बाहीला दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच लोंबतेय.

"अर्लो, मला हरीण मारायचंय," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला? अहो बाई, मागच्या महिन्यात बंदुका नकोत म्हणून चौकात फलक घेऊन उभ्या होतात ना?"

"म्हणूनच. विरोध करायचा तर अभ्यास नको? चौथीत तुला काय शिकवलं मी?"

अर्लोने शॉटगन काढली, दोनदा उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि बाईंच्या हातात दिली. बाई ती छत्रीसारखी काखेत घेऊन गर्रकन वळल्या. नळी थेट पास्टरांकडे.

"नळी जमिनीकडे, बाई! जमिनीकडे!" अर्लो ओरडला.

"जमीन आहेच की खाली!"

"पास्टर, वाका!"

पास्टर टेबलाखाली गेले, हेरोदाच्या शिपायांच्या दोन्ही बंदुकांसकट. खुर्ची आडवी झाली. खालून त्यांचा आवाज आला, "मी ठीक आहे! प्रार्थना चालू आहे!" आणि अर्लो हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाई हसल्या, टेबलाखाली पास्टर हसले, आणि ग्लेंडा तर जमिनीवरच बसली. तीन आठवड्यांनी त्या घरात कोणी हसत होतं, आणि तिला वाटलं की हे थांबू नये, संध्याकाळपर्यंत असंच चालू राहावं.

बाई आणि पास्टर गेले. कपाटात एकच बंदूक उरली, त्यांच्या वडिलांची. ती ग्लेंडाने मागायची होती. रात्रभर जागून तिने एक चांगलं कारण जुळवलं होतं, आणि आता त्यातला एक शब्द आठवेना.

"बाबांची मला दे," ती म्हणाली.

"कशाला?"

"अशीच."

अर्लोने ती उतरवली, फडक्याने पुसली आणि दिली. ग्लेंडाने ती आपल्या गाडीत नेऊन कुलपात ठेवली. सहा झाल्या! तिला नाचावंसं वाटत होतं. कोट घालून ती निरोप घ्यायला आत आली, तर अर्लो स्वयंपाकघरात नव्हता. तो बाहेर आपल्या ट्रकमध्ये अर्धा वाकून सीटखाली काहीतरी चाचपत होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात तेलकट कापडात गुंडाळलेलं पिस्तूल होतं. ग्लेंडाने ते कधी पाहिलंही नव्हतं. त्याने गोळ्या काढल्या आणि सगळं तिच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"हे कोणी मागितलंच नाही," तो म्हणाला. "ड्वेन आला तेव्हाच कळलं मला, तुमचं काय चाललंय ते. म्हटलं, बघू, याची आठवण कोणाला होते. सकाळपासून वाट बघतोय. मग लक्षात आलं, हे कोणाला माहीतच नाही, तर मागणार कोण?"

ग्लेंडाने टेबलावरच्या गोळ्या एकेक वेचून कोटाच्या खिशात टाकल्या.

"सोमवारी हेच नेणार होतो."

तिने पिस्तूल उचलून आपल्या पिशवीत टाकलं. पिशवीची चेन ओढून घट्ट लावली. "मला हवंच होतं," ती कशीबशी म्हणाली. "अंगणात ससे फार झालेत."

"सशांना पिस्तूल?"

"आडदांड ससे आहेत."

अर्लो पुन्हा हसला, पण या वेळी ते हसू मध्येच मोडलं आणि तो खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडू लागला. ग्लेंडाने त्याचं डोकं पोटाशी धरलं. तीही रडत होती, आणि मध्येच सशांच्या आठवणीने हसतही होती.

"ग्लेंडा," तो म्हणाला, "सोमवार उलटेपर्यंत थांबशील?"

तिने कोट काढला.