मनगटावर उतरवलेलं दुखणं

मांडणीतल्या ताटलीत ठेवलेला फोन थरथरला आणि शेजारचे पेले किणकिणले. घर अजून निजलेलं होतं. स्नेहलने पिठाचे हात गाऊनला पुसून फोन पाहिला. हातातल्या घड्याळाचा निरोप होता: रात्री झोप नीट झाली नाही, आज अर्धशिशीची शक्यता जास्त.

आजच लेकीचं, राजेश्वरीचं, शाळेत गॅदरिंग होतं. पोर भाताचं रोप होणार होती. बोलायचं काही नव्हतं, नुसतं डुलायचं, पण तेवढ्यासाठी महिनाभर तिने घरादाराला डुलवलं होतं. गेल्या वर्षी ती फुलपाखरू झाली, तेव्हा स्नेहल अंधाऱ्या खोलीत कपाळाला ओढणी आवळून पडली होती. त्यानंतरच नवऱ्याने हे घड्याळ आणलं. ते झोप पाहायचं, नाडी पाहायचं आणि डोकं उठायच्या आधी सांगायचं. मग गोळी जवळ ठेवायची, ऊन-गोंगाट टाळायचा. बहुतेक वेळा त्याचं खरं निघे. नवल एवढंच, की आज अंग पिसासारखं हलकं वाटत होतं.

सासूबाई, सरूबाई, चहाला आल्या, तशी स्नेहल म्हणाली, "आत्या, राजीबरोबर आज तुम्हीच जा. घड्याळ म्हणतंय, डोकं उठणार. शाळेतले स्पीकर मला सोसायचे नाहीत."

दारात राजेश्वरी उभी होती, दंडाला हिरव्या कागदाची पाती बांधून. ती रडली नाही. एकेक पातं सोडायला लागली.

सरूबाईंनी बशी खाली ठेवली. "सोडू नगं गं पोरी. स्नेहल, त्ये तुझं न्हाई. माझं हाय."

"काय तुमचं?"

"राती तू निजल्याव म्या काढलं घड्याळ. माझ्या हाताला बांधलं. पहाटं परत तुला."

"अहो, पण का?"

"का म्हंजी? त्ये दुखणं हुडकत तुझ्या हातालाच येतंय न्हवं? म्हनलं, आजच्या दिस माझ्याकडं यिऊ दे. मला म्हातारीला कुटं नाचायचंय!"

मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकाव्यात, इतक्या सहज बाईंनी सुनेचं दुखणं आपल्या मनगटावर उतरवून घेतलं होतं. स्नेहलला हसू आवरेना, डोळेही भरले.

"आत्या, ते दुखणं बोलवत नाही, नुसतं सांगतं."

"आदुगर सांगतंय, म्हंजी वळख असंलच की!"

"आणि रात्रभर झोपला नाहीत?"

"झोपते कशी? हिरवा दिवा लुकलुकत हुता. आलं का आलं का, बघत बसले."

स्नेहलने पाती पुन्हा बांधली, जरा घट्टच. दुपारी ती स्पीकरपासून लांब, काळा चष्मा लावून, पण पहिल्या रांगेत बसली. रोपांच्या ओळीत एकच रोप वाऱ्याच्या उलट डुलत होतं आणि मधूनच आईला हात करत होतं. ते तिचं होतं.

परतताना कापणी झालेल्या खाचरांच्या बांधावर सरूबाई टेकल्या. कपाळ चोळत म्हणाल्या, "काय न्हाई गं, जागरनानं जरा ठणकतंय." स्नेहलने पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली, आपला पदर त्यांच्या डोक्यावर धरून सावली केली.

राजेश्वरी दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. मग आईचा हात ओढून तिने विचारलं,

"आई, तुझं आजीनं घेतलं. मग आजीचं कुणी घ्यायचं?"