वर गेलेली मूठ

पहिला ठोसा दाजींच्या जबड्यावर बसला तेव्हा त्यांची मूठ अजून वरच होती. बास्केटबॉलमध्ये फाऊल दिला की पंचाने एक मूठ वर करायची आणि दुसऱ्या हाताने चूक करणारा दाखवायचा. दाजींनी सात नंबरला दाखवलं आणि त्याच सातने त्यांना आडवं केलं. मग बाकावरचे राखीव गडी धावत आले. बुटांच्या टाचा जबड्यावर, बरगड्यांवर, डोळ्यावर पडू लागल्या. लाकडी फरशीवर दात घरंगळला.

दुसरा पंच बाळ्या, दाजींचा मेहुणा, रेषेबाहेर उभा होता. त्याच्या हातात शिट्टी दिली ती दाजींनीच. मारामारीत एकाने सोडवायचं, दुसऱ्याने मागे राहून नंबर टिपायचे, हेही त्यांनीच त्याच्या डोक्यात भरलेलं. दोघंही घुसलात तर नंतर सगळेच साधुसंत होतात, असं म्हणून ते हसायचे. आज सोडवणाराच खाली पडला होता. बाळ्या मात्र जागचा हलला नाही. सात, बारा, पंधरा. शेवटी प्रेक्षकांनीच मारणाऱ्यांना ओढून काढलं. बाळ्या गुणलेखकांच्या टेबलासमोर ताठ उभा राहिला आणि त्याने बोटांनी तिन्ही नंबर अगदी स्वच्छ दाखवले.

दवाखान्यात ताईने त्याला दारातच अडवलं.

"बाळ्या, तू कुठे होतास?"

"तिथेच होतो."

"काय करत होतास?"

"नंबर घेत होतो, ताई."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. ती बाजूला झाली नाही; बाळ्याच अंग चोरून आत गेला.

दाजींचा जबडा तारांनी बांधलेला होता. एक डोळा गेला होता, दुसरा बाळ्याकडे बघत होता. त्याने बोटांनी सात दाखवले, मग बारा, मग पंधरा. सामन्यात एखादा निर्णय जमला की दाजी लांबून अंगठा दाखवत. त्या अंगठ्यासाठी त्याचा जीव कासावीस झाला.

दाजींनी हात उचलला. बोटं मिटली आणि मूठ वर गेली. मग दुसरा हात, सलाइनच्या नळीसकट, हळूहळू त्याच्याकडे वळला.

दाजींच्या काळात फाऊल कबूल असला की खेळाडू न सांगता हात वर करायचा. आता ते कोणी करत नाही.

बाळ्याने हात वर केला. दाजींनी तो नीट पाहिला आणि डोळा मिटला. बाळ्या तसाच उभा राहिला.