सातव्या ओळीतली जागा

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता दहशतवादविरोधी खास कक्षाने द्वारकाबाई म्हेत्रे यांच्या गच्चीवरचं ऊन जप्त केलं. दोघा शिपायांनी कठड्याच्या कोपऱ्यात ते नखाने सोडवलं, चटईसारखं गुंडाळत पाण्याच्या टाकीपर्यंत आणलं आणि गोणपाटात घालून वर लाखेचं सील ठोकलं. काम सफाईने झालं. एक कवडसासुद्धा सांडला नाही.

"पण आम्ही केलं काय?" द्वारकाबाईंनी विचारलं. त्यांच्या खांद्यावर अकरा दिवसांची नात होती. तिचं बारसं व्हायचं होतं आणि ती हळदीसारखी पिवळी पडली होती.

इन्स्पेक्टर कोठावळे यांनी एक फोटो पुढे केला. कक्षाच्या ड्रोनने आभाळातून काढलेला. जुन्या पातळावर पांढऱ्या चकत्यांच्या सात ओळी.

"हा संदेश कुणासाठी आहे?"

"कुरडया आहेत साहेब. काल चीक शिजवला, घातल्या."

"मग सातव्या ओळीत हातभर जागा रिकामी का?"

"तिथं हिला निजवते. कावीळ आहे. डॉक्टर म्हणाले, रोज कोवळं ऊन द्या. कुरडया राखत बसते, तेवढ्यात हिचंही होतं."

कोठावळे यांनी लिहिलं, रिकाम्या जागेबाबत समाधानकारक खुलासा नाही.

पंचनामा म्हटला की पंच आले, आणि पंच म्हटले की शेजारी. बिराजदार गुरुजी दात घासताघासताच पलीकडच्या गच्चीवरून आले होते. त्यांनी कागद न वाचता सही केली. आयुष्यभर पोरांना 'आधी वाचा, मग लिहा' असं बजावलेला माणूस! द्वारकाबाईंना त्यांचा राग आला आणि दयाही आली.

सगळे गेले तेव्हा गच्चीवर एक थंड चौकोन उरला होता. वर आभाळ स्वच्छ, आजूबाजूच्या गच्च्या लख्ख. पाहुण्याने उंबऱ्याबाहेर चपला काढून ताटकळावं तसं ऊन म्हेत्र्यांच्या कठड्यापाशी थांबलं होतं.

खाली बाजेवरून प्रणिताने, त्यांच्या लेकीने, हाक मारली. "आई, आज जास्त पिवळी दिसते का गं?"

"नाही गं. पड तू."

दिसत होती. पिवळेपणा बेंबीपर्यंत आला होता. तळपायाला पोचला तर अवघड, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे माणसाला कळतं. काविळीला कोण सांगणार?

द्वारकाबाई तडक बिराजदारांच्या गच्चीवर गेल्या. गुरुजींनी चटई अंथरली, वर ओशाळून उशीही दिली. बाळाला ठेवताच ऊन चार बोटं मागे सरलं. चटई हलवली, ऊन पुन्हा सरलं. गच्चीभर त्यांनी उन्हाचा पाठलाग केला. शेवटी ते कठडा ओलांडून पलीकडे उतरलं.

"हिचं नाव लागलंय पंचनाम्यात. सही केल्यावर वाचला मी," गुरुजी मान खाली घालून म्हणाले. "नाव अजून ठेवलेलं नाही, तर 'रिकामी जागा' म्हणून लागलंय."

"आणि तुम्ही सही केलीत."

"केली." गुरुजींनी चटई गुंडाळली. "कुंपणानंच शेत खाल्लं, बाई. सांगायचं कुणाला?"

सांगायला कोणी नसेल, पण चालायला रस्ता होता. बाळाला दुपट्यात बांधून द्वारकाबाई सरकारी दवाखान्यात गेल्या. त्या जात होत्या तेवढ्या वाटेवरचं ऊन बाजूला होत होतं. लोक त्यांच्या सावलीत क्षणभर थांबून घाम पुसत होते. दवाखान्यात बाळांना ठेवायची निळ्या दिव्याची पेटी होती, तिथे आता भिंतीवर नुसता चौकोनी डाग होता.

"कक्षानं नेली," सिस्टर म्हणाल्या. "चौकशीला उजेड लागतो म्हणे."

"मग ॲम्ब्युलन्सनं मोठ्या गावाला तरी पाठवा."

"ॲम्ब्युलन्सपण तिकडंच आहे. मुद्देमाल वाहायला."

पिवळेपणा गुडघ्यावर आला होता.

कक्षाच्या कचेरीत एक लांब बोळ होता. द्वारकाबाई जितकं चालत तितका तो वाढत होता आणि दर दहा पावलांवर तोच कारकून तेच टेबल घेऊन बसलेला होता. पाचव्या वेळी त्या थांबल्या आणि टेबलावर बाळालाच ठेवलं. मग मात्र बोळ संपला. मुद्देमालाच्या खोलीत गोण्या होत्या. सील शाबूत, आत काही नाही.

"ऊन कुठाय?"

"तपासाला गेलंय," कारकून म्हणाला.

"कुठं?"

"साहेबांच्या बंगल्यावर. साहेब घरूनपण तपास करतात."

हे त्याने अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं. द्वारकाबाईंनी टेबलावरून बाळाला उचललं आणि बंगल्याची वाट धरली.

बंगल्याच्या फाटकात ॲम्ब्युलन्स उभी होती, मागून कुरडयांच्या चिकाची पातेली उतरत होती. पडवीत माशांची टाकी होती आणि टाकीवर निळा दिवा. मासे अगदी तजेलदार होते. शिपायाने द्वारकाबाईंना अडवलं नाही. डोक्यावर पदर, पायात झिजलेल्या चपला. कामाला आलेली बाई समजून त्याने जिना दाखवला.

दुपार टळली होती, पण बंगल्याच्या गच्चीवर सकाळचे साडेसात वाजले होते. कठड्यापासून कठड्यापर्यंत ऊन पसरलेलं होतं. द्वारकाबाईंनी ते बघताक्षणी ओळखलं. त्यावर त्यांच्या वाळत घालायच्या दोरीची सावली होती आणि दोरीवर चार लंगोटांच्या सावल्या. इथे दोरी नव्हती, लंगोट नव्हते. फक्त सावल्या वाऱ्यावर हलत होत्या.

गच्चीभर कुरडया होत्या. खांद्याला बंदूक लावलेला शिपाई कावळे हाकत होता. कोठावळेबाई सोऱ्या घेऊन घामाघूम झाल्या होत्या.

"आलात का? बरं झालं," त्या म्हणाल्या. "मुलीचं लग्न आलंय हो तोंडावर. कडक उन्हात कुरडया तडकतात. हे जप्तीचं बघा कसं, मऊ. तुमच्याकडे सुद्धा असंच येतं का?"

"यायचं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"एवढ्या एका जागी मात्र काही घातलं की घरंगळतं. मघापासून बघतेय."

सातव्या ओळीत हातभर जागा रिकामी होती. कोठावळेबाईंनी तिथे कुरडई घातली. ती निसटून कडेला गेली.

द्वारकाबाईंनी दुपटं सोडलं. बाळाचे तळपाय उलटे करून पाहिले. टाचा पिवळ्या झाल्या होत्या. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. ओळींमधून पाय टाकत गेल्या आणि बाळाला त्या जागेत ठेवलं. बाळ तिथे तंतोतंत मावलं. ऊन हललं नाही.

"अहो, काय करताय?" कोठावळेबाई ओरडल्या. पण मग त्याही वाकून बघू लागल्या. टाचांचा पिवळेपणा घोट्यांवर सरकला, घोट्यांवरून पोटरीवर. बाळाने सकाळपासून पहिल्यांदा रडणं थांबवलं. "अगबाई," कोठावळेबाई हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. कोठावळे वर आले. त्यांनी खिशातून फोटो काढला, गच्चीशी ताडून पाहिला. सात ओळी, आणि सातव्या ओळीत आता जागा रिकामी नव्हती.

"मुद्देमालात फेरफार झालाय," ते म्हणाले. "गुंडाळा."

"अहो, थांबा की जरा," त्यांची बायको म्हणाली. "लेकरू आहे. आणि माझ्या कुरडया..."

"गुंडाळा. पुन्हा पंचनामा करावा लागेल. पंच बोलवा."

"साहेब, घटकाभर," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात कोणापुढे हात जोडले नव्हते, ते जोडले. "टाचांवरून पोटरीपर्यंत मागं सरलंय बघा. घटकाभरच."

शिपायांनी कोपरा नखाने सोडवला. ऊन गुंडाळत निघालं. पहिली ओळ सावलीत गेली, दुसरी गेली. कुरडया एकेक करून राखाडी पडल्या. दोरीची सावली वळकटीत गेली, मागोमाग लंगोटांच्या सावल्या गेल्या. सहावी ओळ गेली. गुंडाळी बाळापाशी आली आणि अडली.

शिपायाने जोर लावला. मग दोघांनी मिळून लावला.

"काय झालं?" कोठावळे यांनी विचारलं.

शिपायाने वाकून पाहिलं. अकरा दिवसांच्या बाळाने उन्हाची कड मुठीत धरली होती.

"साहेब," तो म्हणाला, "सोडंना."