धोंडबाला दुखत नाही

मी एक जुना रबरी माणूस आहे. खराखुरा नव्हे, शिकाऊ नर्सेसच्या हाताखालचा पुतळा. भिलाईहून दुर्गकडे जाताना एक नर्सिंग कॉलेज लागतं, तिथल्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत माझी सारी नोकरी झाली. नोकरी म्हणजे काय, तर पलंगावर पडून राहायचं. पोरी येतात, टोचतात, नाकातून नळी घालतात, अंग पुसतात, कूस बदलतात आणि डबा खायला निघून जातात. मला काही होत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे उगाच माझी कीव करू नका.

माझा जन्म अंबाल्याकडच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून काढलं, दंडात नि कमरेत टोचायला मऊ गाद्या बसवल्या आणि खोक्यात घालून ट्रकवर चढवलं. इथे खोकं उघडलं रत्नमाला मॅडमनी. मॅडम इथल्या शिक्षिका, प्लांटमधल्या, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या कारकुनाची मुलगी, मूळच्या भंडाऱ्याकडच्या. त्यांनी मला ठोकून पाहिलं, माझी एक पापणी मिटत नाही हेही पाहिलं आणि नाव ठेवलं धोंडबा. कारखान्याने दिलेलं लांबलचक इंग्रजी नाव नंतर कोणी घेतलंच नाही.

सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. पाहुणे आले की आधी मला दाखवायचे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तर माझा हात हातात घेऊन फोटो काढून घेतला. मला काही वाटलं नाही.

एका जुलैत ऑफिसात प्रवेशाची झुंबड होती, म्हणून मॅडमनी एका बापलेकीला माझ्या खोलीत बसवलं. बाप बाबुलाल, हाही मूळचा भंडाऱ्याकडचाच, प्लांटात रोलिंग मिलला कामगार. लेक समीक्षा. तिला लहानपणापासून नर्सच व्हायचं होतं आणि बाबुलालने अकरावीत तिला गणित घ्यायला लावलं होतं. प्लांटच्या टाउनशिपमध्ये ही जुनीच खोड. बाप प्लांटात असला की पोरांनी मॅथ्स घ्यायचं, त्यात विचारायचं काय! बी.एस्सी. नर्सिंगला बायोलॉजी लागतं हे त्या घरात बारावीच्या निकालानंतर कळलं.

"माह्याच्यानं पोरीचं वाटोळं झालं, मॅडम," बाबुलाल म्हणाला आणि माझ्याकडे बघत बसला. लेकीकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

मॅडमनी त्याला शांतपणे सगळं समजावलं. चार वर्षांच्या डिग्रीला बायोलॉजी हवं, प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तो रस्ता आता बंद. दोन वर्षांचं ए.एन.एम. आहे, ते केलं की खेड्यातल्या आरोग्य केंद्रात काम मिळतं. पण समीक्षाने तीन वर्षांचं जी.एन.एम. करावं. त्याला गणितवालीही चालते, इंग्रजीत पास असली म्हणजे झालं. पुढे नर्स म्हणून नोंदणी करायची आणि मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की तीच बी.एस्सी. हातात येते. बाबुलालचं समाधान होईना. डिग्री नाही म्हणजे पोरीला कमी समजतील, हेच त्याच्या डोक्यात.

"डिग्री मागून बी येते, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "पहिले तिचा हात बसू द्या."

हात तर असा बसला की विचारू नका. समीक्षासारखी सुई त्या खोलीत कोणाची नव्हती. आली की चादर बाजूला, कापूस, सुई, कापूस, झालं. माझ्याशी ती अवाक्षर बोलत नसे. रोग्याला आधी सांगा, मग टोचा, असं मॅडम रोज बजावायच्या. पण धोंडबाशी काय बोलायचं, म्हणून पोरी हसायच्या. समीक्षा हसतही नसे. तिला काम उरकायची घाई.

मग वॉर्डातली ड्यूटी लागली. तिथे काय घडलं ते पोरींनी माझ्या उशाशी बसून एकमेकींना सांगितलं, म्हणून मला ठाऊक. एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. समीक्षाने सवयीप्रमाणे चादर बाजूला केली आणि टोचलं. म्हातारा दचकला, हात ओढला, सुई वाकली, चादरीवर रक्त आलं. तो ओरडला नाही. नुसता तिच्याकडे पाहत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळलं.

मॅडमनी तिला वॉर्डातून काढून माझ्याकडे पाठवलं. नीट जमेपर्यंत वॉर्ड बंद, आणि वॉर्डातली हजेरी भरली नाही तर परीक्षा बंद. समीक्षा भिंतीला टेकून उभी राहिली. आपल्याच्यानं हे होणार नाही, सिविक सेंटरच्या बाजारात एखाद्या दुकानात लागून जाईन, असं म्हणाली. रडलीही नाही. त्या दिवशी ती माझ्याहून जास्त रबरी दिसत होती.

मॅडम मागोमाग आल्या आणि त्यांनी फक्त माझ्याकडे बोट दाखवलं. समीक्षा माझ्याशी हिंदीत बोलली, स्टेशनवर गाडीची घोषणा करतात तसं. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा बोलली. पुन्हा नाही.

"घरी बाबाले टोचाचं असतं, तं कशी बोलली असती?" मॅडमनी विचारलं.

समीक्षा खाली बसली. मग तिने माझा रबरी पंजा हातात घेतला.

"बाबा, सुई टोचतो," ती म्हणाली. "जरासं दुखन. मी हावो इथंच."

मराठी ती फक्त घरी बोलायची, हे मला माहीत होतं. तिने टोचलं. मला काही झालं नाही आणि त्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

ती वॉर्डात परत गेली. ज्या रोग्याची जी बोली, त्या बोलीत हेच बोलायला शिकली. जी.एन.एम. झालं, नोकरी केली, पोस्ट बेसिकही झालं. बाबुलाल डिग्रीचे पेढे घेऊन कॉलेजात आला तेव्हा मी खोलीत नव्हतो. नवीन पुतळा आला होता. तो श्वास घेतो, चुकीचं टोचलं की बोंबलतो. मला मागच्या व्हरांड्यात मोडक्या स्टुलांशेजारी ठेवलं. कबुतरांनी अंगाची पार दशा केली. मॅडम रिटायर झाल्या. माझी कोणाला आठवण राहिली नाही, आणि खरं सांगू, मलाही फारशी राहिली नाही.

आणि यंदा समीक्षा शिकवायला म्हणून कॉलेजात आली. तिने मला व्हरांड्यातून उचलून आणलं, स्वतः धुतलं, पलंगावर निजवलं. नव्या पोरी कुजबुजल्या. इतका भारी पुतळा असताना हा चाळणी झालेला कशाला, असं एकीने विचारलंच.

"तो बोंबलते, मंग आपल्याले समजते," समीक्षा म्हणाली. "जो बोंबलत नाही, त्याले पहिले विचारता आलं पायजे."

मित्रांनो, तुम्ही नर्स व्हा नाहीतर आणखी कोणी, कुठल्याही रस्त्याने व्हा. पण गप्प पडलेल्या माणसाला हात लावण्याआधी दोन शब्द बोला. तो उत्तर देईलच असं नाही. समीक्षा आता सुई घेऊन माझ्यावर वाकली आहे, पोरी भोवती उभ्या आहेत.

"धोंडबा, टोचतो हं," ती म्हणते आहे. "दुखलं तं सांगजो."

मी काही सांगत नाही. ती तरीही थांबली आहे.