खंडेनवमीची कानस

चाकण पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे खंडेनवमी! एरवी रात्रंदिवस खडखडणाऱ्या मशिनी त्या दिवशी झेंडूच्या माळा घालून नवरीसारख्या गप्प बसतात. महाळुंग्यात ज्योतीराममामांच्या वर्कशॉपमध्ये वर्षाली सकाळपासून नुसती भिरभिरत होती. लेथ पुसला, ड्रिल पुसलं, मग पाटावर लाल कापड टाकून मामांची हत्यारं मांडली. हातोड्या, पाने, गुण्या आणि मामांच्या त्या जुन्या कानशी. लोखंड घासायच्या कानशी म्हणजे मामांचा जीव की प्राण. परभणीला घरी विळे-कुऱ्हाडी पूजेला मांडताना आई तेलाचा हात फिरवायची, तसा हिनं एकेका हत्यारावर प्रेमानं फिरवला. मामींनी, म्हणजे यशोदाबाईंनी, हळदकुंकू वाहिलं. मामांनी डाव्या हातानं नारळ फोडला, कारण उजवा प्लास्टरमध्ये होता. रस्त्यातल्या एका खड्ड्यानं मामांना गेल्या महिन्यात स्कूटरसकट आडवं केलं होतं.

हात मोडला तसं मामांचं मनही मोडलं. आरती झाल्या झाल्या म्हणाले, "दसरा झाला की ह्यो हातकामाचा फिटिंगचा बेंच इकून टाकतो. भोसरीचा दौलतराव त्यो न्यायला टेम्पो घिऊन येनार हाय. त्या जागेत कॉम्प्युटरवरची सीएनसी मशीन बसवू. तू जॉब लावायचा, बटन दाबायचं. सोपं काम."

सोपं काम! वर्षाली मनात चरफडली. बटणच दाबायचं होतं तर परभणी सोडून इतक्या लांब यायचं कशाला?

पोरगी फिटरचा कोर्स केलेली, बरं का. पण कोर्स कसला? जिथं शिकली त्या संस्थेचं नाव घेऊन कशाला तोंड खराब करा. लोखंड धरायच्या एका व्हाइसला पाच पोरं, आणि कानशी इतक्या बोथट की त्यांनी पाठ खाजवावी फार तर. परीक्षेला हातानं घासलेला जॉब, म्हणजे लोखंडी नमुना, द्यायचा असतो, तो बाहेरच्या दुकानात तयार मिळायचा. आपला नंबर ठोकायचा आणि सरांपुढे ठेवायचा. सगळे तेच करायचे, सरांनाही ठाऊक. वर्षालीनंही तेच केलं आणि फर्स्ट क्लास आली! मग एका कंपनीत अप्रेंटिस लागली. तिथं हिरवं बटण दाबलं, लाल बटण दाबलं, संपलं शिक्षण. म्हणून तर ती सगळ्या पट्ट्याच्या या मामांकडे आली होती, हातानं लोखंड घासून बसवणारा माणूस अजून कुठंतरी शिल्लक आहे हे ऐकून. मामांनी ठेवून घेतलं, पण कानस चालवू दिली नाही. "बघ नुसतं. दुसऱ्यानं चालवली की कानस बिघाडती," एवढंच शिकवलं.

बाहेर टेम्पोचा ब्रेक कर्रकन वाजला. धनेश आत आला, जवळच्याच एका कंपनीतला मेंटेनन्सचा पोरगा. घामानं चिंब, खांद्यावर पोतं.

"मामा, वाचवा राव! प्रेसची स्ट्रिपर प्लेट क्रॅक गेली. नवीन आणलीय, पण हिची खिडकी टाइट आहे, पंच जातच नाही. नाइट शिफ्टला लाइन चालू झाली पाहिजे, नाहीतर माझं काही खरं नाही. आख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये फोन फिरवले. जो तो म्हणतो, आज मशीनला हात लावणार नाही, उद्याच्याला या."

पोत्यातून त्यानं जाड लोखंडी प्लेट आणि पंच काढून ठेवले. काम समजायला सोपं, करायला महाकठीण. पत्रा कापणारा पंच या प्लेटच्या चौकोनी भोकातून, म्हणजे खिडकीतून, खालीवर होतो. खिडकी घट्ट झाली तर पंच अडकणार, सैल झाली तर पत्रा चुरगळणार. मधलं जे बरोब्बर असतं, ते हातानं घासूनच आणायचं.

मामांनी प्लास्टर वर करून दाखवलं. "ह्यो बग माजा हात. जा बाबा, दुसरीकडं बग."

"मी करते," वर्षाली म्हणाली. म्हणून झाल्यावर तिची तीच दचकली.

"तू?" मामा आणि धनेश एकदमच म्हणाले.

"हो, मीच. करू द्या ना, मामा! प्लेट बिघडली तर दसऱ्यानंतर बेंच मी स्वतः टेम्पोत चढवून देते. पण बसली, तर बेंच विकायचा नाही."

मामा हसले. "बसली तर बेंच तुजा, जा!"

"ताई, एकच प्लेट आहे हो," धनेश काकुळतीनं म्हणाला. पण तिनं प्लेट केव्हाच व्हाइसमध्ये धरली होती.

वर्षालीकडे ऑनलाइन मागवलेला बारक्या कानशींचा सेट होता. चकचकीत, लाल मुठींचा, वर 'प्रोफेशनल' असं ठसठशीत छापलेला. पहिली कानस चालवली तर कुई कुई आवाज आणि लोखंडाला नुसती चकाकी. ती जोर लावते आहे, लावते आहे, आणि दात झिजताहेत ते कानशीचे! दुसरी कानस मधोमध कट्कन मोडली. तुकडा उडून धनेशच्या बुटावर आदळला.

"मेलीला पत्र्याची केलीय काय!" वर्षाली ओरडली. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नजर पाटाकडे गेली.

"तिकडं बघूबी नगंस," मामा गरजले. "खंडेनवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्याबिगर हालत न्हाई. आमच्यात कुनी हालवलं न्हाई आजवर."

धनेश घड्याळाकडे बघत होता. तेवढ्यात मामी उठल्या, तबकातली सुपारी घेतली आणि मामांच्या समोर धरली.

"घरचं मानूस पूजेला नसलं तर त्याच्या जागी सुपारी मांडतो ना आपन? मग कानशीच्या जागी सुपारी मांडते. देवीला काय ते मी सांगीन. पोरीचा जीव तुटतोय, दिसंना व्हय तुमाला?"

मामा सुपारीकडे बघत राहिले. मग कपाळाला हात लावून पाटापाशी वाकले, त्यांनी डाव्या हातानं कानस उचलली, आणि त्यांचा चेहरा बदलला. बोटं चोळली. चकाकत होती.

"तेल! कानशीला तेल कुनी लावलं?"

"मी... पूजेसाठी... सगळ्यांनाच लावलं," वर्षाली चाचरली.

"आगं माजे आये! कानशीला तेल लावतंय का कुनी? आता ही लोखंडावर बर्फावानी घसरंल! दोन वर्सं काय शिकीवलं गं तुला त्या शाळंत?"

"काहीच नाही शिकवलं!" वर्षालीही उसळली. "कानसच नव्हती धड, तर तिला तेल लावू नये हे कोण सांगणार?"

मामा एकाएकी खदखदून हसायला लागले. "धनेश, माज्या स्कूटरीतनं पेट्रोल काढ! आन् तू, तारंचा ब्रश घे. खडू कुठं हाय?"

मग जी पळापळ उडाली! पेट्रोलनं कानशी धुतल्या, ब्रशनं दातांतलं हळदकुंकू काढलं, खडू घासून घासून उरलंसुरलं तेल शोषून घेतलं. पंचाला निळा रंग फासला. हा पंच खिडकीत दाबला की जिथं टेकेल तिथं निळं लागतं. निळं दिसेल तेवढंच घासायचं, पुन्हा दाबून बघायचं.

वर्षालीनं कानस धरली आणि सवयीनं सगळा भार टाकला.

"दाबू नगंस!" मामा ओरडले. "ती चांगली कानस हाय, भिकारीन न्हाई. तिला तिच्या वजनानं जाऊ दे. फुडं जाताना कापायचं, मागं येताना उचलायचं. आवाज ऐक."

तिनं हात हलका केला. कानस पुढं गेली आणि झ्झप्प! बारीक चंदेरी भुगा प्लेटवर सांडला. वर्षालीनं परत एकदा करून बघितलं. परत भुगा.

"अगं बाई, कापतेय! मामा, ही तर कापतेय!" ती अक्षरशः नाचायचीच बाकी राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपल्याच हातात कसब नाही. हात वाईट नव्हते हो, हातात दिलेलं लोखंड वाईट होतं! बोथट कानशींनी तिला फक्त दाबायला शिकवलं होतं, आणि ती स्वतःलाच बोल लावत बसली होती. तिला त्या सगळ्या वर्षांचा राग आला आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला.

निळं लाव, दाब, बघ, घास. दुपार उतरली. धनेश चहा आणून देई आणि तो तसाच गार होई. पंच अर्धा उतरला आणि अडला.

"डावा कोपरा घे," मामा म्हणाले.

वर्षालीनं वाकून निळं बघितलं. वरच्या अंगाला डावीकडं होतं खरं, पण खालच्या अंगाला उजवीकडं. तिनं काटकोन तपासायचा गुण्या लावला. "नाही मामा. कोपऱ्याचं नाही. माझा हात तिरपा चाललाय, खिडकीच कलतेय. कोपरा घेतला तर सैल होईल."

मामांनी चष्मा चढवला, गुण्यातून उजेड बघितला. "व्हय की," ते म्हणाले. "मीच चुकलो. तुज्या मतानं कर."

मामा बेंचपासून मागं सरकले. वर्कशॉपमध्ये फक्त कानशीचा आवाज. धनेशनं तर श्वाससुद्धा बेतानंच घेतला असेल. शेवटी वर्षालीनं खिडकी पुसली, पंच तिच्यावर धरला आणि हात सोडला.

पंच आपल्याच वजनानं सर्रकन खाली गेला.

"गेला! मामा, गेला! मामी, बघा, गेला!"

धनेशनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी ठोकली. मामांनी डाव्या अंगठ्यानं खिडकीची कड चाचपली, पंच वर काढला, पुन्हा सोडला. "चालंल," ते म्हणाले. मामींनी तोंडाला पदर लावला, कारण मामांनी आजवर स्वतःच्या कामालासुद्धा 'चालंल' म्हटलं नव्हतं.

धनेशनं प्लेट पोत्यात घातली. "ताई, लय भारी! मी नाव सांगतो कंपनीत!" असं ओरडत तो टेम्पोत चढलासुद्धा. मामांनी खिशातून फोन काढला.

"दौलतराव, टेम्पो आनू नगा. बेंच इकायचा न्हाई... छ्या, पैशाचं न्हाई वो. बेंचला मानूस घावला."

वर्षालीला हसू फुटलं आणि रडूही. ती कानस पुसून पाटाकडे घेऊन आली आणि मामांपुढे धरली. मामांनी घेतली नाही.

"पूजा मोडली, आता नव्यानं करावी लागंल," ते म्हणाले. "बस पाटापुढं."

"मी? पण पूजा तर तुम्ही करता."

"हत्यार ज्याच्या हातात, पूजा त्याची. माज्या बापानं मला असंच एकदा बसवलं. त्यानंतर तो परत कवा पाटापुढं बसला न्हाई."

वर्षालीनं तशाच काळ्यानिळ्या हातांनी कानस लाल कापडावर ठेवली आणि मांडी घालून बसली. मामा तिच्या मागं गेले, आणि प्लास्टरचा हात जमेल तसा जोडून मामींच्या शेजारी उभे राहिले.